हरेश्वरभाऊंची मापातली माणसं

हरेश्वरभाऊ कुणालाही भेटले की आधी त्याच्या पायांकडे बघतात. नमस्कार करायचा म्हणून नव्हे, चपलेची टाच किती आहे ते बघायला. मग नजर वर डोक्यापर्यंत जाते, केसांचा फुगा असला तर तेवढा मनातल्या मनात वजा होतो, आणि हरेश्वरभाऊ समोरच्याची उंची सांगून मोकळे होतात. मी ऑफिसात पहिल्या दिवशी आले तेव्हा कुणी पाणी विचारायच्या आत मला ऐकू आलं, "पाच-एक. टाच सोडून." मी आयुष्यभर सगळीकडे पाच-दोन लिहीत आले होते. तो इंच मला कुणी बक्षीस दिला होता ठाऊक नाही, पण हरेश्वरभाऊंनी तो काढून घेतला. पुढचे काही महिने मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते.

आमचं ऑफिस अलिबागला, एका आर्किटेक्टचं. सर नकाशे काढतात, पत्रव्यवहार मी बघते, आणि हरेश्वर भगत, म्हणजे आमचे हरेश्वरभाऊ, थ्रीडी करतात. किहीम, आवास, नागाव या पट्ट्यात मुंबईच्या लोकांना बंगले हवे असतात, आणि बंगला बांधायच्या आधी तो बघायचाही असतो. म्हणून न बांधलेल्या घराचं हुबेहूब चित्र कॉम्प्युटरवर तयार करायचं. घर केवढं आहे हे कळावं म्हणून त्या चित्रात माणसं उभी करावी लागतात, आणि इथेच हरेश्वरभाऊंचं घोडं अडतं. "घर मागनं येतंय. आधी माणूस उभा राहिला पाहिजे," असं ते म्हणतात.

सॉफ्टवेअरबरोबर माणसं तयार मिळतात. सगळी परदेशी. सडपातळ, लांब पायांची, एकाच्या हातात कॉफीचा कप, दुसऱ्याच्या हातात कुत्र्याची साखळी. बाकीच्या ऑफिसांतून ही मंडळी आहेत तशी नारळाच्या वाडीत नेऊन उभी करतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. हरेश्वरभाऊंना ते सहन होत नसे. "ताई, हा बघा. याला घरात घ्यायचा तर दार वाढवाला लागंल," असं म्हणून ते त्या गोऱ्याकडे बिनभाड्याच्या भाडेकरूकडे बघावं तसं बघत.

आधी त्यांनी नुसती उंची कमी करून पाहिली. पडद्यावर एक पट्टी असते, ती खाली ओढली की माणूस सगळीकडून सारखा आक्रसतो. ते मला बोलावून म्हणाले, "हा आपला झाला का? नाय. हा लांबनं बघितलेला गोरा झाला." तेव्हा मला हसू आलं, पण चित्र पाहिलं तर खरंच तसं दिसत होतं. मग कधीतरी त्यांना अंगाच्या एकेका भागाची वेगळी पट्टी सापडली. मांडी निराळी, पोटरी निराळी, धड, मान, खांदे, पोट, सगळं निराळं. त्या आठवड्यात ते जेवायलासुद्धा खुर्चीवरून उठले नाहीत. पाय आखूड केले, धड तेवढंच ठेवलं, खांदे थोडे उतरवले, पोटाला जरा मोकळीक दिली, आणि शेवटी खुर्ची मागे सरकवून ओरडले, "उभा राहिला!" पडद्यावर एक गृहस्थ उभे होते. त्यांना मी अलिबागच्या एसटी स्टँडवर किमान दहा वेळा तरी पाहिलं असेल.

तेव्हापासून आमच्या चित्रांत इथलीच माणसं यायला लागली. हरेश्वरभाऊ मापं घ्यायला कुठेही जायचे. कोळीवाड्यात मासे घ्यायला गेले की पापलेट राहायचं बाजूला आणि ते मावशीच्या खांद्याची रुंदी बघत बसायचे. मावशी एकदा म्हणालीसुद्धा, "म्हावरा घ्याचा हाय, का मना घ्याचा हाय?" लग्नासाठी मुलगी बघायला गेले तेव्हाही त्यांनी हेच केलं. मुलगी पोहे घेऊन आली, हे तिच्या पायांकडे बघत राहिले, आणि तिच्या वडिलांना म्हणाले, "पत्रिकेत दीड इंच जास्ती लिवलाय." पोहे अर्धे राहिले. पुढे कुणी मुलगी दाखवली नाही, आणि यांनीही फारसं मनावर घेतलं नाही. पन्नाशीला आले तरी एकटेच आहेत.

आमच्या ऑफिसाखाली इकबालचाचांची चहाची टपरी आहे. चाचा मूळचे मुरुडचे, घर अजून तिकडेच. हरेश्वरभाऊंनी त्यांचं माप घेऊन त्यांना एका बंगल्याच्या पोहण्याच्या तलावाकाठी आरामखुर्चीवर आडवं केलं. बिल्डरने तेच चित्र मोठ्ठं छापून रेवदंड्याच्या रस्त्याला लावलं. चाचांची बायको एसटीने येताना खिडकीतून बघते, तर आपला नवरा तलावाशेजारी पाय पसरून पडलाय. दिवसभर टपरीवर उभा असतो असं सांगणारा नवरा! आणि शेजारच्या खुर्चीवर तोकड्या कपड्यांतली एक परदेशी बाई, जी काढून टाकायची हरेश्वरभाऊ विसरले होते. चाचा वर येऊन हात जोडून म्हणाले, "हरेश्वर, तुला खुदाचा वास्ता. मला काढू नकोस, मी बरा दिसतोय. ती बाई काढ." बाई काढली. चाचांनी आठवडाभर आमच्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, मोठा विक्षिप्त माणूस. आहेच. पण या मापाच्या खुळामागे एक साधी गोष्ट होती, आणि ती ते कुणालाही सांगत. त्यांची आई खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या एका गावात, एकटी राहायची. भाऊ लहान असतानाच त्यांचे वडील गेले. आईने खाजणातली भातशेती केली, लांबून पिण्याचं पाणी डोक्यावर आणलं आणि या एका मुलाला शिकवलं. आता गुडघे गेले होते. भाऊ तिला अलिबागला आपल्या भाड्याच्या खोलीवर किती वेळा घेऊन आले, पण तिसऱ्या दिवशी ती पिशवी भरायची. तक्रार एकच. तिथला स्वयंपाकाचा ओटा उंच होता.

"तुज्या ओट्यावर माजी भाकर नाय व्हत, बाला," असं ती म्हणायची. हे निव्वळ निमित्त नव्हतं. तांदळाच्या भाकरीची उकड मळायची तर तळव्यात अंगाचा भार यावा लागतो. ओटा उंच असला की कोपर वर जातं आणि भार येत नाही. मग म्हातारी परात घेऊन जमिनीवर बसायची, भाकऱ्या करायची, आणि नंतर तिला उठवायला शेजारणीला बोलवावं लागायचं. कुणाला हाक मारून उठायचं हे तिला मुळीच पटत नसे. तिच्या गावच्या घरात चूल जमिनीवरच होती, पण तिथे दाराची चौकट धरून तिला कसंबसं उठता यायचं. ती गावाला परत गेली की हरेश्वरभाऊ दोन दिवस ऑफिसात कुणाची उंची सांगत नसत.

म्हणून त्यांनी स्वतःचं घर बांधायचं ठरवलं. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. यांचं दुसरं राहिलंच होतं, निदान पहिलं तरी करून बघावं. अलिबागजवळच, वेश्वीच्या पुढे, त्यांनी छोटीशी जागा घेतली. दोन खोल्या, पडवी आणि स्वयंपाकघर. बाकी घराबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. गवंड्याला त्यांनी सांगून टाकलं की खिडक्या कुठेही ठेव, पण ओटा मी सांगेन तेवढाच.

त्याच सुमारास एका बिल्डरशी त्यांचं वाजलं. बिल्डर म्हणाला, "भगत, पब्लिक थोडी छोटी कर ना. हॉल मोठा वाटला पाहिजे." भाऊंनी समजावून पाहिलं, मग सरांच्या शब्दाखातर माणसं छोटी केली. सोफाही छोटा केला. हॉल देवळाच्या सभामंडपाएवढा दिसायला लागला. बिल्डर खूश. पहिलंच गिऱ्हाईक आलं, मुंबईचं जोडपं. बाईंनी चित्र निरखून पाहिलं आणि काळजीने विचारलं, "ह्या मुलांचे आईवडील कुठे गेलेत?" दुसऱ्या दिवशी माणसं पुन्हा पहिल्या मापाची झाली. भाऊ मला एवढंच म्हणाले, "मापात खोटं केलं की कुठंतरी उघडं पडतंच."

आपल्या घराचं थ्रीडी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत केलं. एके दिवशी सरांना आणि मला बोलावून दाखवलं. स्वयंपाकघर, पांढऱ्या भिंती, खिडकीतून दिसणारी शेवग्याची फांदी, आणि ओट्याशी उभी असलेली एक बाई. नऊवारी साडी, ताठ पाठ, रुंद खांदे, दोन्ही तळवे परातीत. चांगली उंच होती. त्यांच्या चित्रांतली माणसं मी रोज बघत होते, त्यामुळे ही बाई मला जरा जास्तच उंच वाटली. सरांनाही वाटलं असावं. ते म्हणाले, "काय रे हरेश्वर, आईला हंड्यासकट मोजलीस काय?"

भाऊ हसले नाहीत. "आमची आय उंचच हाय. गावात सगळ्यांत उंच. पाणी घेऊन बांधावरून येताना लांबनं पहिली तीच दिसायची."

"पण मोजलंत कधी?" मी विचारलं.

"आयला काय मोजाचं?" ते म्हणाले. तळहाताची रेघ पाठ आहे का असं विचारावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही विषय वाढवला नाही, कारण मी त्यांच्या आईला कधी पाहिलं नव्हतं, आणि उंचीच्या बाबतीत या माणसाशी वाद घालायचा नाही हे मी पहिल्याच दिवशी शिकले होते.

घरभरणीला आम्ही सगळे गेलो. पूजा झाली, आणि गावाहून आईला घेऊन आलेली रिक्षा दाराशी थांबली. आधी काठी बाहेर आली, मग एक पाय, मग आई. मला वाटलं, अजून उतरायच्या आहेत. पण त्या उतरून उभ्या राहिल्या होत्या. पाठ धनुष्यासारखी वाकलेली, मान पुढे आलेली. चेहरा मात्र हसरा, आणि डोळे सगळीकडे भिरभिरणारे. उंबऱ्यावरचं माप ओलांडून त्या आत आल्या, देवाला हात जोडले, आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. शेजारपाजारच्या बायका मागोमाग. भाऊ सगळ्यांच्या पुढे.

ओटा त्यांच्या छातीला लागला.

आईंनी दोन्ही हात वर उचलून ओट्यावर ठेवले, काळ्याभोर दगडावरून तळवा फिरवला, आणि म्हणाल्या, "बरा हाय रं. मस उंच हाय. मुंग्या नाय चढाच्या." मग बायकांनी पहिली भाकरी आईंच्या हातची व्हावी असा आग्रह धरला. परातीत उकड आली. त्यांनी चवड्यांवर उभं राहून मळायचा प्रयत्न केला. कोपरं खांद्याच्या वर गेली. उकड काही हलेना. शेवटी त्या एका बाईला हळूच म्हणाल्या, "जरा पाट दे ग, पायाखाली." पाट आला. काठी बाजूला ठेवून, ओट्याची कड घट्ट धरून त्या पाटावर चढल्या. गुडघे थरथरत होते. त्यांनी एक भाकरी केली, आणि ती चांगली फुगलीसुद्धा. बायकांनी कौतुक केलं.

हरेश्वरभाऊ दारात उभे होते. मी त्यांना हाक मारली, पण त्यांना ऐकू आली नाही.

सोमवारी ते ऑफिसात वेळेवर आले. कुणाच्याही चपलांकडे न बघता जागेवर जाऊन बसले. जरा वेळाने म्हणाले, "ताई, जरा या इकडं." पडद्यावर त्यांचं स्वयंपाकघर होतं आणि ओट्याशी ती ताठ, उंच बाई. भाऊ खुर्चीवरून उठले, मला बसवलं, माऊस माझ्या हातात दिला.

"उंचीची पट्टी खाली ओढा. मला नाय जमत."

"किती?"

"ओढा. मी सांगतो."

मी ओढायला लागले. "अजून," ते म्हणाले. मी ओढली. "अजून." मला वाटलं, चुकतंय काहीतरी. पण ते अजून म्हणत राहिले, आणि मी ओढत राहिले. शेवटी म्हणाले, "बास. आता पाय परत घ्या. पाय व्हते तेवढेच हायत. पाठीतनं गेलीय ती." मी पाय पूर्वीएवढे केले, धड कमी केलं, पाठीला बाक दिला. "खांदे पुढं. मान जरा खाली, पण नजर वर ठेवा. ती वरच बघते." हळूहळू ती उंच बाई गेली आणि शनिवारी रिक्षातून उतरल्या त्या आई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. मला गलबलून आलं. रोज माणसं छोटी-मोठी करणाऱ्या या ऑफिसात मी आतून एवढी कधी हलले नव्हते.

"भाऊ, तुम्ही दर रविवारी जाता गावाला," मी म्हणाले. "तुम्हाला दिसलं कसं नाही?"

ते खिडकीकडे बघत होते. "मी जातो तवा ती पडवीत बसलेली असते. जेवाला वाढते ते चुलीपाशी बसून. बसल्यावर ती तेवढीच दिसते ओ. खोलीवर यायची तवा वाटायचं, तिथला ओटाच जास्ती उंच बांधलाय. आणि निघतो तवा ती उभी राहते दारात, पण मी मागं वळून बघत नाय. तिच्या डोळ्याला पाणी येतं, ते मला बघवत नाय." एवढं बोलून ते खाली चाचांकडे चहा प्यायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

त्यांनी ओटा फोडायचा ठरवला. आई नको म्हणत होत्या. नवा दगड, नवं काम, कशाला मोडतोस, मी पाटावर उभी राहीन. दोन दिवसांनी आईंनी पिशवी भरायला घेतली, म्हणाल्या गावाला एक चक्कर मारून येते. ती चक्कर कसली ते भाऊंना माहीत होतं. भाऊंनी पिशवी काढून घेतली आणि नारायण गवंड्याला बोलावलं.

त्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते. घरात चूल बंद, तर निदान जेवण तरी. ओटा फोडून झाला होता आणि उघड्या भिंतीशी आईंना उभं केलं होतं. काठी भाऊंनी आपल्या हातात धरली होती. नारायणाने सांगितलं, "आजी, उकड मळता तसं हात ठेवा भिंतीवर. वर नको, खाली नको, आपसूक जातील तिथं." आईंनी दोन्ही तळवे भिंतीला टेकवले आणि सवयीने एकदा पुढे भार दिला. खांदे सैल पडले. नारायणाने कानावरची पेन्सिल काढली.

मग तो थांबला. "भाऊ, आपण दोन बोटं अजून खाली घेऊ. म्हातारं माणूस दिवसागणिक खालीच जातंय. परत फोडाला नको."

व्यवहाराचं बोलला तो. माणसाचं माप कसं बदलतं हे त्या खोलीत हरेश्वरभाऊंइतकं कुणाला कळत होतं? मला वाटलं, ते हो म्हणणार.

आईच म्हणाल्या, "घे रं, दोन बोटां खाली घे. मी काय आता वाढाची हाय?" आणि स्वतःच खळखळून हसल्या.

हरेश्वरभाऊंचा आवाज मी इतक्या वर्षांत असा ऐकला नव्हता. "नाय," ते म्हणाले. "आय आता हाय तेवढीच राहणार. नारायण, हात हायत तिथंच रेघ मार."

नारायणाने माझ्याकडे पाहिलं. त्याने आईंच्या तळव्यांना लागून रेघ मारली आणि विटा आणायला बाहेर गेला. आईंनी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं, "झाला का रं बाला?"

काम तर झालंच होतं. हरेश्वरभाऊ म्हणाले, "थांब जरा. अशीच उभी राहा." आणि काठी हातात धरून ते मागून तिच्याकडे बघत राहिले.